पणजीत डबल डेकर बस आणावी का? आधी काय मोजायचं ते पाहू

प्रश्न असा आहे: पणजीतल्या एका नागरिक गटाला सरकारकडे निवेदन द्यायचं आहे. सकाळी बसमध्ये उभं राहायला जागा मिळत नाही, शहरात गाडी लावायला जागा नाही. मुंबईत बेस्टनं इलेक्ट्रिक डबल डेकर रस्त्यावर आणल्या, 2024 मध्ये आपल्याकडेही हिरवा झेंडा दाखवून तशा बसची चाचणी झाली. एका गाडीत दुप्पट माणसं मावत असतील तर ही मागणी लावून धरावी का, आणि अशा बसचं मूल्यमापन नेमकं कसं करतात?

माझं बरंचसं आयुष्य बसची वेळापत्रकं आखण्यात आणि मार्गांच्या पाहणीत गेलं आहे, त्या जोरावर उत्तर देतो. पणजी शहराच्या आत डबल डेकर नको. म्हापसा मार्गावरही नको. पणजी-मडगाव शटलवर, म्हणजे मध्ये न थांबता जाणाऱ्या बससेवेवर, तेही गर्दीच्या वेळेपुरतं, हा विचार गांभीर्यानं करता येईल. आता कारणं सांगतो, कारण निवेदनात कारणं नसली की ते फायलीतच राहतं.

सुरुवात त्या 'दुप्पट'पासून करू. मुंबईत धावते ती स्विच कंपनीची गाडी साधारण 9.8 मीटर लांब आणि 4.75 मीटर उंच आहे. तिच्यात 65 च्या आसपास आसनं आहेत. शेजारी साधी 12 मीटरची एकमजली बस उभी करा. तिच्यात चाळीसेक आसनं आणि वीस-पंचवीस उभे प्रवासी. म्हणजे एकूण माणसं जवळपास तेवढीच. वरच्या मजल्यावर उभं राहू देत नाहीत, देऊही नये. तिथे डोक्यावर जेमतेम जागा असते आणि वजन जितकं वर तितकी गाडी झुकते. शिवाय दोन जिने आपापल्या वाटच्या आसनांची जागा खातात. तेव्हा डबल डेकर माणसं दुप्पट नेते हे खरं नाही. ती जास्त माणसांना बसवून नेते, आणि रस्त्याची कमी लांबी अडवून नेते. या दोन गोष्टींची जिथे गरज आहे तिथे ती उपयोगी, इतरत्र नुसती देखणी.

दहा मिनिटांच्या प्रवासात आसनाची किंमत फार नसते. मिरामारहून पणजी मार्केटपर्यंत माणूस उभा राहून जातो, कुरकुर करत नाही. उलट दहा मिनिटांत उतरायचं असेल तर तो जिना चढतच नाही. मुंबईतही हेच दिसायचं: जवळचा प्रवासी खालीच दाराजवळ घुटमळणार आणि वर आसनं रिकामी. खाली चेंगराचेंगरी, वर हवा. कागदावर अशा गाडीचं भारमान, म्हणजे भरलेल्या जागांचं प्रमाण, पन्नास टक्के दिसतं आणि थांब्यावरच्या लोकांना मात्र गाडी फुल्ल म्हणून सोडून द्यावी लागते. त्यामुळे मूल्यमापनातला पहिला आकडा प्रवाशांच्या संख्येचा नसतो. प्रवासी सरासरी किती किलोमीटर जातो, हा असतो. तो काढायला वेगळं सर्वेक्षण लागत नाही. कंडक्टरच्या तिकीट मशीनमध्ये कुठून कुठपर्यंतचं तिकीट फाडलं याची नोंद असते. एका आठवड्याचा तो डेटा मागा. निम्म्याहून जास्त तिकिटं पाच-सहा किलोमीटरच्या आतली असतील तर डबल डेकरचा विषय तिथेच संपला.

दुसरी गोष्ट थांब्यावर ताटकळण्याची. गोव्यातल्या बसप्रवाशाची खरी तक्रार ऐकून पाहा. 'गाडी लहान आहे' असं फार थोडे म्हणतात. 'गाडी कधी येईल सांगता येत नाही' आणि 'संध्याकाळी सातनंतर गाडीच नाही' असं सगळे म्हणतात. आता हिशेब करू. समजा एका मार्गावर गर्दीच्या तासाला एका दिशेनं 300 माणसं जातात. 32 आसनांच्या लहान गाड्या लावल्या तर तासाला साधारण दहा फेऱ्या लागतात, म्हणजे दर सहा मिनिटांनी एक बस आणि सरासरी तीन मिनिटं वाट पाहणं. तेच काम 65 आसनी गाडीनं केलं तर पाच फेऱ्या, बारा मिनिटांनी एक बस, वाट पाहणं दुप्पट. बस चालवणाऱ्याचा खर्च वाचला, प्रवाशाचा वेळ गेला. आणि बारा मिनिटांतली एक फेरी रद्द झाली की चोवीस मिनिटं. तोवर माणसानं पायलटला, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याला, हात केलेला असतो, नाहीतर पुढच्या महिन्यात स्कूटर बुक केलेली असते.

हाच हिशेब तासाला 1000 माणसं असलेल्या मार्गावर करा. लहान गाड्या तीसच्या वर लागतील, म्हणजे दोन मिनिटांच्याही आत एक. एकेक बस थांब्यावर अर्धा-पाऊण मिनिट खाते, त्यामुळे मागे गाड्यांची रांग लागते आणि थांबाच चोंदतो. तिथे मोठ्या गाडीनं सोळा फेऱ्या केल्या तरी चार मिनिटांच्या आत बस येत राहते आणि रस्ता मोकळा होतो. मी स्वतः लावतो तो नियम असा: मोठी गाडी लावल्यावरही गर्दीच्या वेळी दोन बसमधलं अंतर पाच-सहा मिनिटांच्या वर जाता कामा नये. जात असेल तर लहान गाड्याच बऱ्या. हाँगकाँगमध्ये तीन धुऱ्यांच्या, सव्वाशेच्या वर माणसं नेणाऱ्या डबल डेकर चालतात त्या याच कारणानं. तिथे एकामागून एक बस येते तरी भरते. पणजीच्या शहरी मार्गांवर सध्या कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी परिवहन महामंडळाच्या, लहान इलेक्ट्रिक बस फिरतात. तिथली मागणी पाहता त्याच आकाराच्या गाड्यांची संख्या वाढवणं आणि त्या रात्री उशिरापर्यंत चालवणं, यावर निवेदनाचा जोर असावा.

आता उंचीकडे येऊ. आपल्याकडे सगळं इथेच अडतं आणि चर्चेत हाच भाग कोणी काढत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुमजली बसला 4.75 मीटर उंचीची मुभा आहे. रस्त्यावर आडव्या जाणाऱ्या कमी दाबाच्या वीजतारा जमिनीपासून 5.8 मीटरवर असाव्यात असा नियम आहे, आणि शहरी भागातल्या भुयारी रस्त्यांना 5.5 मीटर मोकळी उंची ठेवावी असं भारतीय रस्ते काँग्रेसचं मानक सांगतं. हे सगळं वाचून वाटतं की मीटरभर मोकळीक आहे, चिंता कसली? पण वीजखात्याच्या तारेखाली केबल टीव्हीवाल्याची वायर असते, तिच्याखाली इंटरनेटवाल्याची, आणि खांबावरून घरात गेलेली सर्व्हिस वायर मधोमध झोळ देऊन लोंबत असते. त्यात दर दोन-चार वर्षांनी जुना थर न खरवडता डांबराचा नवा हॉटमिक्स पडतो. रस्ता इंचाइंचानं वर येतो, पुलावरचा फलक मात्र जुनी उंचीच दाखवत राहतो.

पणजीत कुठली वायर किती खाली आहे हे सर्वांत नेमकं कोणाला ठाऊक असतं? नरकासुराचे उंच पुतळे करून मिरवणाऱ्या पोरांना. दिवाळीच्या आदल्या रात्री ती दोन पोरं लांब बांबू घेऊन नरकासुराच्या पुढे चालत असतात, वायर आली की बांबूच्या बेचक्यात धरून वर उचलायची, राक्षस खालून सरकला की सोडायची. कार्निव्हल आणि शिगम्याच्या चित्ररथांनाही हीच सेवा लागते. दर पंधरा मिनिटांनी जाणाऱ्या बसपुढे बांबूवाला चालवता येत नाही. त्यामुळे मार्ग ठरवण्याआधी उंचीची पाहणी करावीच लागते.

ती करायची पद्धत साधी आहे. पिकअपच्या हौद्यात फायबरग्लासची काठी सरळ उभी करून घट्ट बांधायची. काठीवर दोन खुणा: एक 4.75 मीटरवर, म्हणजे बसच्या उंचीवर, दुसरी फूटभर मोकळीक धरून 5.05 मीटरवर. टोकाला घुंगरू किंवा सायकलची घंटा. गाडी मार्गावरून दहा-पंधराच्या वेगानं न्यायची, घंटा वाजली की थांबायचं, जागा लिहून घ्यायची. काठी धातूची चालणार नाही, वर वीज आहे. काठी हौद्याच्या मध्यभागी उभी करणारे अर्धीच पाहणी करतात. बसचा धोका मध्यात नसतो, डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो. रस्त्याला पाणी वाहून जायला दोन-अडीच टक्के उतार दिलेला असतो. अडीच टक्के उतारावर 4.75 मीटर उंच गाडीचं डोकं पायापेक्षा जवळपास 12 सेंटिमीटर कडेला झुकतं, त्यात स्प्रिंग दबली की आणखी. कांपालच्या झाडांच्या फांद्या, 18 जून रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या आणि छज्ज्यांच्या कडा, पदपथाच्या टोकाला रोवलेले विजेचे खांब, हे सगळं त्या डाव्या कोपऱ्याच्या वाटेत येतं. म्हणून दुसरी काठी हौद्याच्या डाव्या कडेला, थोडी बाहेर काढून बांधायची.

आणि ही पाहणी जानेवारीत करून उपयोग नाही. पावसात पानं भिजून जड झाली की फांदी चांगली हातभर खाली येते. जानेवारीत मोकळा वाटलेला रस्ता जुलैत काचेवर फटके मारतो. ब्रिटनमधले बस चालवणारे जुन्या डबल डेकरचं वरचं छत काढून फांद्या छाटायची खास गाडी करून ठेवतात, कारण झाडं दरवर्षी वाढतात. आपल्याकडे फांदी छाटायची तर परवानगी, ती घ्यायची कोणाकडून यावर पत्रव्यवहार, आणि तोवर मोसम संपतो. छाटणी ही मार्गाच्या वार्षिक खर्चातली बाब म्हणून धरा. त्यावर कोणाचा जीव हळहळत असेल तर त्याचंही बरोबर आहे. बससाठी कांपालची झाडं बोडकी करावीत असं मीही म्हणणार नाही.

रेल्वे फाटकांचं वेगळंच. विद्युतीकरण झालेल्या मार्गावर फाटकाच्या दोन्ही बाजूंना उंची रोखणारी कमान असते, आणि अनेक ठिकाणी ती 4.67 मीटरवर आहे. 4.75 ची बस तिच्याखालून जात नाही, विषय संपला. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण 2022 मध्ये पूर्ण झालं. तेव्हा मडगावच्या सासष्टी तालुक्यात फाटक ओलांडणारा कुठलाही मार्ग सुचवण्याआधी तिथली कमान मोजून या. बर्लिनसारख्या शहरात 4.06 मीटर उंचीच्या बुटक्या डबल डेकर वापरतात. पण तशा गाडीत वरच्या मजल्यावर उंच माणसाला मान वाकवून चालावं लागतं, आणि आपल्या बाजारात ती मिळतही नाही.

उंचीच्या मर्यादेचा आणखी एक परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. 4.75 मीटरच्या आत दोन मजले बसवायचे, दोन्हीकडे माणसाला उभं राहता यायला हवं, मधली फरशी आणि छताची जाडी धरायची. मग उरतं काय? खालची फरशी रस्त्याच्या जवळ ठेवण्यावाचून इलाज नाही. म्हाताऱ्या माणसाला चढायला ते उत्तम. पण आपले गतिरोधक कोणत्या मापानं बांधतात ते तुम्ही जाणता. एका पावसात तुंबणारे पणजीतले रस्तेही तुम्हाला ठाऊक आहेत. खाली बॅटरी आणि केबल असलेली, जमिनीला टेकलेली गाडी गुडघाभर पाण्यातून काढायला कोणता डेपो मॅनेजर हो म्हणेल? त्या दिवशी मार्ग बंद ठेवावा लागेल, आणि पर्यायी गाड्या तयार हव्यात.

गाडी उलटेल का, हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो. याची भीती बाळगू नका. दुमजली बसला मान्यता देताना वरचा मजला पूर्ण भरून आणि खालचा रिकामा ठेवून गाडी 28 अंशांपर्यंत कलती करून पाहायची पद्धत आंतरराष्ट्रीय नियमांत आहे. रस्त्यावर बस इतकी कधी कलत नाही. इलेक्ट्रिक गाडीत जड बॅटरी खाली बसवता येते, त्यानं ती उलट जास्त स्थिर होते. खरी अडचण वाऱ्याची. जवळपास दहा मीटर लांब आणि पावणेपाच मीटर उंच भिंतीवर ताशी 60 किलोमीटरचा वारा आडवा लागला तर पाऊण ते एक टनाचा रेटा बसतो. गाडी पडत नाही, पण रिकामी असेल तर लेन सोडून सरकते आणि ड्रायव्हर स्टेअरिंगशी झगडत राहतो. मांडवी आणि जुवारी या दोन्ही खाड्यांवर पावसाळ्यात वारा कसा सुटतो ते स्कूटरवाल्यांना विचारा. मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकींना बंदीच आहे. स्कॉटलंडमधल्या फोर्थ रोड पुलावर वारा वाढला की इतर गाड्या सोडून डबल डेकर आधी थांबवायचे. आपल्याकडेही पुलावर वारामापक आणि 'अमुक वेगावर गाडी काढायची नाही' असा लेखी आदेश हवा. ड्रायव्हरच्या अंदाजावर हे सोडू नये, कारण मागे साठ माणसं 'चल, चल' म्हणत बसलेली असतात.

म्हापसा मार्गाला मी सुरुवातीलाच नाही म्हटलं, त्याचं कारण शुक्रवारचा बाजार. ज्यांनी शुक्रवारी दुपारी म्हापशाहून बस पकडली आहे त्यांना सांगायला नको. चवळीच्या पिशव्या, केळ्यांचे घड, चुरमुऱ्यांची पोती, मिरच्यांची गाठोडी, कोंबडीची टोपलीसुद्धा. हा प्रवासी सामानाला सोडून वर जात नाही आणि सामान घेऊन त्याला जिना चढता येत नाही. खालच्या मजल्यावर आसनं वरच्यापेक्षा कमी, त्यात व्हीलचेअरची जागा. म्हणजे ज्या दिवशी गाडी सगळ्यांत जास्त हवी त्या दिवशी तिचा निम्मा भाग कुचकामी. हे अंतर तेरा-चौदा किलोमीटरचं, मध्ये चढणारे-उतरणारे भरपूर. पर्वरीच्या उन्नत मार्गाच्या बांधकामाचा गोंधळ आहे तो वेगळाच.

आता मडगाव शटल. ही सेवा वेगळी का, ते पणजी बसस्थानकावर सकाळी उभं राहिलं की कळतं. तिकीट खिडकीवर आधी काढायचं, मग रांगेनं गाडीत बसायचं, आसनं भरली की गाडी सुटते, ती थेट मडगावला. मध्ये थांबा नाही, गाडीत कंडक्टर नाही, उभे प्रवासी नाहीत. डबल डेकरचे जे जे दोष वर मोजले ते इथे गळून पडतात. जिना एकदाच चढायचा आणि एकदाच उतरायचा. सुमारे 35 किलोमीटरचा प्रवास, म्हणजे आसनाला किंमत आहे आणि वर जायला कोणी कुरकुरणार नाही. दोन मजल्यांवर दोन कंडक्टर ठेवायचा प्रश्न नाही, आणि जुन्या डबल डेकरना सगळ्यांत महाग पडलेली गोष्ट हीच होती. मार्ग मेरशी, बांबोळी, आगशी, कुठ्ठाळी, वेर्णा असा राष्ट्रीय महामार्गानं जातो. रस्ता रुंद, झाडं कडेला दूर, आणि डिसेंबर 2022 पासून जुवारीवर नवा पूल. उंचीची पाहणी इथेही करायचीच, पण अडथळे बोटांवर मोजण्याइतके निघतील असा माझा अंदाज आहे. त्यातले बरेचसे स्थानकांच्या आवारातच असतील: फलाटाचं छप्पर, प्रवेशाची कमान, जाहिरातीचा फलक.

मात्र एक मेख आहे. शटल भरल्यावर सुटते. म्हणजे गाडीचा आकार वाढवला की सुटायचा वेळही वाढतो. गर्दीच्या वेळी मिनिटाला आठ माणसं रांगेत येत असतील तर 40 आसनं पाच मिनिटांत भरतात आणि 65 आठ मिनिटांत, कोणाला जाणवणारही नाही. दुपारी बाराला मिनिटाला दोनच माणसं येतात असं धरा. 40 आसनांना वीस मिनिटं, 65 ना बत्तीस. पहिला चढलेला माणूस अर्धा तास बंद गाडीत घाम पुसत बसेल आणि दुसऱ्या दिवसापासून खासगी बस धरेल. म्हणून ही गाडी फक्त सकाळी आणि संध्याकाळी. दुपारी तिनं चार्जिंगला उभं राहायचं आणि रांगेला साध्या गाड्या लावायच्या.

बॅटरीचा हिशेबही यालाच जुळतो. 231 युनिटची बॅटरी, कंपनी एका चार्जिंगमध्ये 250 किलोमीटरपर्यंतचा पल्ला सांगते. वेळापत्रक आखणारा माणूस कंपनीच्या आकड्यावर फेऱ्या लावत नाही. दोन मजल्यांचं एसी, मेरशीहून बांबोळीचा चढ, कुठ्ठाळीहून वेर्ण्याच्या पठाराचा चढ, दर वर्षी थोडी थोडी दमणारी बॅटरी, हे धरून मी 160-170 किलोमीटरच मोजतो. मडगाव जाऊन-येऊन 70. सकाळी दोन खेपा, दुपारी चार्जिंग, संध्याकाळी पुन्हा दोन. बसतं व्यवस्थित.

पैशांचं काय? हैदराबादनं 2023 मध्ये अशा सहा गाड्या घेतल्या तेव्हा देखभालीसह एकेक दोन कोटींच्या वर गेली. त्या तिथे मुख्यतः पर्यटकांसाठी फिरवल्या गेल्या. 12 मीटरची इलेक्ट्रिक बस याहून बरीच स्वस्त पडते. तुलना करताना गाडीच्या किमतीवर करू नका, आणि नुसत्या प्रति किलोमीटर खर्चावरही नको. भरलेल्या आसनामागे प्रति किलोमीटर किती, तेवढंच विचारा. 65 मधली 60 आसनं भरत असतील तर डबल डेकर स्वस्त ठरू शकते, 35 भरत असतील तर कधीच नाही. तिच्या बाजूचा सगळ्यांत जोरकस मुद्दा बॅटरी किंवा प्रदूषणाचा नाही, ड्रायव्हरचा आहे. चांगले ड्रायव्हर मिळेनासे झालेत, आणि एक माणूस 40 च्या जागी 65 प्रवासी नेत असेल तर त्याचा फरक वर्षभराच्या पगारपत्रकात दिसतो. निवेदनात हा मुद्दा घ्या, अधिकाऱ्यांना तो लगेच पटतो.

पण दोनच गाड्या घेऊन बघू, असं कोणी म्हणाला तर हात जोडा. दोन गाड्यांचा ताफा म्हणजे एक बंद पडली की निम्मी सेवा बंद. तिच्या समोरच्या मोठ्या काचेला दगड लागला की नवी काच परराज्यातून येईपर्यंत ती डेपोत उभी. धुलाईच्या यंत्राची कमान तिला बुटकी, शेडचं छप्पर बुटकं, छतावरचं एसी दुरुस्त करायला मेकॅनिकला मचाण हवं, ओढून न्यायला वेगळी क्रेन. हा सगळा खर्च दोन गाड्यांसाठी करा की दहांसाठी, जवळपास तेवढाच. म्हणून एक तर आठ-दहा गाड्या, त्यांपैकी एक राखीव, एकाच डेपोत, एकाच मार्गावर. नाहीतर एकही नको. आपल्या देशात एकेकट्या आलेल्या हौशी गाड्यांचा शेवट बहुतेक वेळा उद्घाटनाच्या फोटोत आणि मग डेपोच्या मागच्या भिंतीशी झालेला मी पाहिला आहे.

मुंबईचा दाखला सगळे देतात, म्हणून तेही. तिथे डबल डेकर 1937 मध्ये आली आणि जुन्या डिझेल गाड्यांपैकी शेवटची 15 सप्टेंबर 2023 ला निवृत्त झाली. लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हिशेबाच्या वहीत ती बरीच वर्षं जड जात होती: दोन कंडक्टर, जादा इंधन, न मिळणारे सुटे भाग, आणि उड्डाणपूल-स्कायवॉकमुळे आकसत गेलेले मार्ग. फेब्रुवारी 2023 मध्ये सुरू झालेली नवी एसी गाडी पहिल्यांदा कुठे लावली? सीएसएमटी स्थानक ते नरिमन पॉइंटचं एनसीपीए नाट्यगृह. रुंद, सरळ रस्ते, लोकलमधून उतरलेला एकगठ्ठा प्रवासी, सगळे एकाच ठिकाणी जाणारे. त्या निवडीत शहाणपण होतं. मुंबईत चालते म्हणून पणजीत चालेल असं म्हणणाऱ्याला हे विचारा की पणजीत तसा एकगठ्ठा प्रवासी कुठे आहे. मला तो शटलच्या रांगेतच दिसतो.

पर्यटकांसाठी उघड्या छताची दुमजली गाडी मांडवीच्या काठानं मिरामार-दोनापावलापर्यंत फिरवायची असेल तर जरूर फिरवा, मजा येते. पण ती पर्यटन खात्याच्या पैशांनी आणि पर्यटकाच्या तिकिटावर. रोजच्या प्रवाशाच्या बससाठी मंजूर झालेला निधी त्यात वळवला जात नाही ना, एवढं पाहा.

निवेदनात शेवटी चाचणीची अट घाला, कारण चाचणीच्या नावाखाली रिकाम्या गाडीत मान्यवरांना बसवून एक चक्कर मारली जाते आणि अहवालात 'यशस्वी' असं लिहिलं जातं. चाचणी जुलैत हवी, सलग दोन आठवडे, सोमवार ते शनिवार, सकाळी साडेसात ते साडेनऊ, खिडकीवर नेहमीचं तिकीट काढलेल्या प्रवाशांसह. नोंदायचं एवढंच: पहिला माणूस चढल्यापासून गाडी सुटेपर्यंतची मिनिटं, मडगावला दार उघडल्यापासून वरचा शेवटचा माणूस उतरेपर्यंतची मिनिटं, पुलावरचा वाऱ्याचा वेग, फेरीला खर्च झालेले युनिट, आणि वर जायला नकार देऊन पुढच्या गाडीसाठी थांबलेल्या प्रवाशांची संख्या. हा शेवटचा आकडा कोणी नोंदत नाही. तो घ्यायला तुमच्या गटातलाच एखादा निवृत्त माणूस वही घेऊन रांगेच्या टोकाला उभा करा, आणि त्याला छत्री द्या.